ट्रायल्स सायकल: डिस्क ब्रेक घ्यावा की रिम ब्रेक?

ट्रायल्स म्हणजे पाय जमिनीला न टेकवता सायकलवरूनच दगड, कट्टे असे अडथळे पार करायचा खेळ. त्याची सायकल पहिल्यांदा बघणारा माणूस आधी सीट शोधतो. स्पर्धेच्या सायकलला ती नसतेच. गिअर नसतात, स्टँड नाही, मडगार्ड नाहीत, आणि फ्रीव्हील (पॅडल थांबलं तरी चाक फिरू देणारा भाग) मागच्या चाकाऐवजी पुढे क्रँकवर, म्हणजे पॅडलच्या दांड्यापाशी, बसवलेलं असतं. एवढं सगळं काढल्यावर उरतं काय? दोन चाकं, एक चेन आणि दोन ब्रेक. नवीन माणूस नेमका त्या ब्रेकवरच अडतो.

माझ्याकडे विचारायला येणारे बहुतेक एमटीबीवाले, म्हणजे डोंगरी सायकलवाले असतात. त्यांचं मत आधीच ठरलेलं असतं: डिस्क (चाकाच्या मधल्या चकतीला पकडणारा ब्रेक) म्हणजे नवं, रिम ब्रेक (चाकाच्या कडेला पकडणारा) म्हणजे जुनं, त्यात विचारायचं काय? ताम्हिणी घाट उतरायचा असेल तर मीही डिस्कच सांगेन. पण कमरेएवढ्या दगडावर मागच्या एका चाकावर उभं राहायचं असेल तर हिशोब बदलतो.

हा खेळ मोटरसायकलच्या ट्रायलमधून आला. स्पेनमधल्या कॅटलोनियात पेरे पी हे माँटेसा कंपनीचे मोटरसायकलस्वार होते. बापाच्या कसरती त्यांचा मुलगा ओत पी सायकलवर करू लागला आणि पुढे जगज्जेता झाला. आपल्याकडे बहुतेकांना हा प्रकार कळला तो २००९ मध्ये, डॅनी मॅकअस्किल या स्कॉटिश सायकलस्वाराचा एडिंबरातला व्हिडिओ फिरू लागल्यावर. तो रस्त्यावरचा ट्रायल्स. त्या सायकलींना बुटकी का होईना सीट असते आणि चाकं बहुधा २४ किंवा २६ इंची. स्पर्धेत मात्र २० आणि २६ इंच असे दोन गट असतात. तुमची सायकल यातली कुठली हे आधी बघून ठेवा, पुढे लागेल.

पहिलं काम: ब्रेककडून काय हवंय ते ठरवा

घाटात ब्रेक वेग कमी करतो, तापतो, आणि आपण बोटाने त्याला कमीजास्त करत राहतो. ट्रायल्समध्ये वेग असतो माणसाच्या चालण्याइतका. ब्रेक एकतर पूर्ण सुटलेला, नाहीतर पूर्ण जाम. मागच्या चाकावर उड्या मारताना (याला बॅकहॉप म्हणतात) दर उडीला ब्रेक सोडायचा, पॅडलला झटका द्यायचा आणि चाक टेकताक्षणी पुन्हा आवळायचा. त्या क्षणी अंगाचं सगळं वजन वीतभर कातळावर टेकलेल्या एका टायरवर असतं. चाक दोन बोटं सरकलं की तुम्ही खाली.

म्हणून कंपनीच्या माहितीपत्रकात उष्णता, मॉड्युलेशन (जोर कमीजास्त करता येणं) वगैरे जे लिहिलेलं असतं ते खुशाल सोडून द्या. तीनच गोष्टी बघा. आवळला की हलत नाही ना? आवळल्या आवळल्या धरतो का? आणि हे सगळं एका बोटाने, तासभर दमल्यावरही जमतं का?

यात एक बारीक मेख आहे. साध्या सायकलचा ब्रेक पुढे जाणारं चाक थांबवतो. इथे निम्म्या वेळा चाक मागे गडगडायला बघतं. डिस्कचे पॅड कॅलिपरमध्ये (चकतीला चिमटीत धरणाऱ्या भागात) किंचित सैल बसलेले असतात. दिशा उलटली की ते केसभर सरकतात आणि हाताला ‘टक्’ लागतं. एमटीबीवर हे कधी जाणवतही नाही. मागच्या चाकावर तोल धरून उभं असताना ते थेट पोटात जाणवतं.

दुसरं काम: फ्रेम उलटी करून बघा

खरं सांगायचं तर निम्म्या लोकांचा निर्णय इथेच संपतो. मागच्या चाकाच्या वर, फ्रेमच्या दोन नळ्यांवर प्रत्येकी दोन बोल्टची भोकं असतील तर ती मागुरा कंपनीच्या ब्रेकसारख्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, रिम ब्रेकसाठी आहेत. डाव्या बाजूला अॅक्सलजवळ (चाकाच्या आसाजवळ) कॅलिपर बसवायचा कान असेल तर डिस्क. काही फ्रेमवर दोन्ही असतात. ती सायकल मिळाली तर तुमचं नशीब.

कान नसेल तर वेल्डिंग करून लावू नका. ट्रायल्सच्या फ्रेम अॅल्युमिनियमच्या असतात, नळ्या पातळ असतात, आणि वेल्डिंगनंतर त्या जागची ताकद जाते. गल्लीतला वेल्डर ‘होऊन जाईल’ म्हणेल. होईलही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकणार नाही. क्लँप लावून डिस्क बसवायचे जे जुगाड मिळतात ते मागच्या चाकाच्या झटक्यापुढे फिरतात. हबही, म्हणजे चाकाचा मधला भाग, बघा. सहा बोल्टची डिस्क लागेल असा हब नसेल तर डिस्क म्हणजे नवा हब, नवे स्पोक, नव्याने चाक विणणं. त्या पैशात उत्तम पॅडचे कितीतरी जोड येतील.

चाकाच्या आकाराचा हिशोब

एक आकडेमोड केली की बरंच उलगडतं. २६ इंची चाकात टायर बसतो तो व्यास ५५९ मिलिमीटर. म्हणजे रिम ब्रेकचा गुटका (रिमवर दाबला जाणारा ठोकळा) अॅक्सलपासून साधारण २७-२८ सेंटिमीटरवर पकडतो. १६० मिलिमीटरच्या डिस्कवर पॅड पकडतो तो जेमतेम सात सेंटिमीटरवर. दार बिजागरीपाशी धरून अडवा आणि मग कडीपाशी धरून अडवा, तोच फरक. चाक तितकंच घट्ट धरायचं तर डिस्कच्या पॅडला जवळजवळ चौपट घर्षण द्यावं लागतं. चांगल्या डिस्क ते देतात, कारण त्यांचा हायड्रॉलिक दाब आणि पॅडचा माल त्या तोडीचा असतो. स्वस्त डिस्क देत नाहीत. इथेच नवशिक्याची फसगत होते. ‘डिस्क आहे’ एवढं वाचून सायकल घेतली जाते आणि मागचं चाक हळूहळू घसरत राहतं.

शिवाय डिस्कचा जोर हबपासून स्पोकमधून रिमपर्यंत जातो. स्पोक ढिले असतील तर चाक पिळल्यासारखं थोडं फिरतं आणि मग धरतं. रिम ब्रेक थेट कडेलाच पकडतो, मधे काही नाही.

आता २० इंची सायकल. तिचं मागचं चाक खरं तर १९ इंची म्हणतात तसं, ३८७ मिलिमीटरचं असतं. जाड टायरसकट अॅक्सलपासून जमिनीपर्यंत साधारण २५ सेंटिमीटर. २६ इंचीला हेच अंतर ३४ च्या आसपास. म्हणजे तीच डिस्क, तेच बोट, पण छोट्या चाकावर पकड सुमारे एकतृतीयांशाने जास्त. ‘छोट्या सायकलवर डिस्क छान चालते, मोठीवर घसरते’ असं जे रायडर सांगतात त्यामागे हेच आहे.

पुढचा ब्रेक: इथे वेळ घालवू नका

डिस्क लावा. पुढच्या चिमट्याला कान असतोच बहुधा. मागच्याइतका सततचा जोर पुढे नसतो, आणि पुढची रिम दगडावर आपटून वाकडी झाली तरी डिस्कला काही फरक पडत नाही. १६० ची पुरते, २६ इंचीवर १८० असली तर उत्तम. हायड्रॉलिक परवडत नसेल तर तारेची चांगली डिस्क चालते, फक्त तारेवरचं आवरण कडक आणि आखूड ठेवा. आवरण मऊ असलं की निम्मा जोर ते दाबण्यातच जातो. जुन्या चिमट्यावर व्ही-ब्रेक (तारेवर चालणारा रिम ब्रेक) आला तरी रडू नका, चांगले गुटके टाकून तो वर्षभर सहज चालेल.

मागचा ब्रेक: खरी गोष्ट इथे आहे

मागुराचा एचएस ३३ हे नाव ट्रायल्सवाल्यांच्या तोंडी सतत असतं. जर्मनीत बाड उराख नावाच्या गावातली ही कंपनी १९८७ पासून हायड्रॉलिक रिम ब्रेक बनवते. रचना अगदी साधी: रिमच्या दोन बाजूंना दोन छोटे सिलिंडर, त्यात पिस्टन, पिस्टनवर गुटका, आणि वरून मिनरल ऑइल. लिव्हर दाबला की दोन्ही गुटके सरळ रेषेत रिमवर आपटतात. जोर इतका की फ्रेमच्या नळ्या बाहेरच्या बाजूला फाकतात. म्हणून त्यावर घोड्याच्या नालेसारखी एक पट्टी बसवतात, तिला बूस्टर म्हणतात. नळ्या फाकल्या की लिव्हर मऊ लागतो. बूस्टर नसलेली जुनी सायकल घेतलीत तर पहिला खर्च तोच.

पण हा ब्रेक नुसता लावून चालत नाही. कंपनीतून आलेल्या गुळगुळीत रिमवर तो साधारणच धरतो. खरी पकड येते रिमच्या बाजू ग्राइंडरने खरवडल्यावर.

मी पहिल्यांदा चाक घेऊन फॅब्रिकेशनच्या दुकानात गेलो तेव्हा कारागिराने रिमवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “दादा, लोक इथे खरखरीत घेऊन येतात, गुळगुळीत करून न्यायला. तुम्ही चांगला माल खराब करून मागताय.” मी म्हटलं, करा हो तुम्ही. त्याने केलं. आणि मनापासून केलं. एका जागी ग्राइंडर टेकवून धरल्यामुळे रिमला एक खड्डा पडला, आणि पुढचे दोन महिने चाकाच्या प्रत्येक फेरीला ब्रेक त्या जागी ‘ढुक’ करायचा. तेव्हापासून हे काम मी स्वतः करतो.

रीत अशी. चार इंची ग्राइंडर, धातू घासायची चकती. डोळ्याला गॉगल, हातात मोजे, नाकाला फडकं. टायर आणि ट्यूब काढून ठेवा. चाक सायकलवरच राहू द्या म्हणजे फिरवता येतं. चकतीची कड रिमला नुसती टेकवायची आणि उचलायची, टेकवायची आणि उचलायची. दाबायचं अजिबात नाही. ओरखडे रिमच्या लांबीला समांतर नकोत, आडवे हवेत, आरे ज्या दिशेला जातात त्या दिशेला. एका जागी सेकंदापेक्षा जास्त थांबू नका. जिथे रिमचा सांधा आहे तिथे हात आणखी हलका. बोट फिरवल्यावर जुन्या कानशीसारखं लागलं पाहिजे, खवणीसारखं नाही. फार धारदार झालं तर गुटका आठवड्यात खाऊन टाकतं. शेवटी पुसून घ्या. अॅल्युमिनियमचा चुरा राहिला तर तो गुटक्यात रुततो.

पहिली दहा-पंधरा मिनिटं आवाज भयानक येतो, शेजारी बाल्कनीत येतात. मग गुटका त्या ओरखड्यांवर बसतो आणि चाक असं धरतं की लिव्हरवर नुसतं बोट ठेवलं तरी सायकल जागची हलत नाही. त्यानंतर डिस्क हातात आली की पहिले दोन दिवस ती लोण्यासारखी वाटते.

हे सुख कायमचं नाही. ओरखडे झिजतात आणि दीडदोन महिन्यांनी पुन्हा ग्राइंडर काढावा लागतो. प्रत्येक वेळी रिमची भिंत थोडी पातळ होते. एक दिवस ती चिरते. ट्रायल्समध्ये मागची रिम तशीही दगडावर आपटून मरतेच, म्हणून कुणी फार हळहळत नाही, पण हा खर्च डोक्यात असू द्या.

ग्राइंड नको असेल तर जुने लोक गुळगुळीत रिमवर डांबराचा खडा घासायचे. कोरड्यात पकड जबरदस्त, आणि किंकाळी अशी की कुत्री उठतात. पाणी लागलं की खेळ खलास. आपल्या जून ते सप्टेंबरला हा उपाय अजिबात धरू नका.

मग मागे डिस्क कुणी घ्यावी? ज्याला महिन्या-दोन महिन्यांनी ग्राइंडर हातात धरायचा नाही. ज्याची रिम सारखी वाकडी होते आणि दर रविवारी आउट (चाकाचा वाकडेपणा) काढायचा कंटाळा येतो, कारण रिम ब्रेकला चाक आउट असलं की गुटका एका जागी घासतो आणि दुसऱ्या जागी धरत नाही. जो पावसात, चिखलात चालवतो. आणि जो रस्त्यावरचा ट्रायल्स करतो, कारण त्याला जागेपर्यंत सायकल चालवत जायचं असतं आणि ग्राइंडवाला ब्रेक हळूवार लागतच नाही, तो फक्त जाम होतो. गेल्या काही वर्षांत स्पर्धेच्या सायकलींवरही मागे डिस्क सर्रास दिसते, तेव्हा ‘डिस्क म्हणजे तडजोड’ असं मी म्हणणार नाही. पण घ्यायची तर चांगली घ्या. इंग्लंडच्या होप कंपनीचा खास ट्रायल्सचा ब्रेक, नाहीतर शिमानोचा चार पिस्टनवाला. मधलं काही घेऊन पस्तावण्यापेक्षा ग्राइंड केलेला जुना मागुरा केव्हाही बरा.

डिस्कचे स्वतःचे दोन आजार आहेत. एक, दगडाच्या कडेला डाव्या अंगाने चाक घासलं की डिस्क वाकते. ती हाताने सरळ करता येते, पण बॅगेत एक जास्तीची ठेवा. दुसरा आजार तेलाचा. चेनवर स्प्रे मारताना एक थेंब जरी पॅडवर उडाला तरी पॅड गेले. मी ते गॅसवर भाजून पाहिले आहेत, पॉलिश पेपरने घासले आहेत, स्पिरिटने धुतले आहेत. तिन्ही वेळा शेवटी नवे आणले. तेव्हा चेनला तेल देताना आधी चाक काढून बाजूला ठेवा, किंवा डिस्कवर पिशवी बांधा. स्प्रे तर घेऊच नका, थेंबाची बाटली घ्या.

बसवताना

रिम ब्रेकचे गुटके रिमला अगदी काटकोनात बसले पाहिजेत. वरची कड आधी टेकली की गुटका पिळतो आणि जोर फुकट जातो. टायरला घासता कामा नये, रिमच्या खालीही लोंबता कामा नये. दोन्ही बाजूंचं अंतर सारखं, साधारण एक-दीड मिलिमीटर. एक बाजू आधी टेकली तर तो गुटका पूर्ण चाक ढकलत दुसरीकडे नेतो. ट्रायल्सच्या फ्रेममध्ये चेन ताणायला चाक मागे सरकवतात. चाक सरकलं की गुटक्याची जागाही बदलते. चेन ताणली की ब्रेक पुन्हा बघायचा, हे हाताला लावून घ्या. मागे डिस्क असेल तर कॅलिपरच्या बाबतीतही तेच.

नव्या डिस्कचे पॅड आधी बसवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेग घ्या, ब्रेक लावून जवळजवळ थांबा, पण चाक जाम करू नका. असं वीस-तीस वेळा. सीट नसलेल्या सायकलवर हे करताना मांड्या भरून येतात, म्हणून लोक टाळतात आणि मग महिनाभर ब्रेकला शिव्या घालतात.

लिव्हर हँडलवर आत सरकवा. तर्जनी लिव्हरच्या अगदी टोकावर आली पाहिजे, मधे नाही. फक्त एवढ्या बदलाने ‘ब्रेक बदलायचाय’ म्हणणारे कित्येक जण गप्प झालेले मी पाहिलेत.

तेलाची गल्लत करू नका. मागुरा आणि शिमानो मिनरल ऑइलवर चालतात, होप डॉट फ्लुइडवर. मोटरसायकलच्या दुकानात मिळणारं डॉट मिनरलच्या ब्रेकमध्ये घातलं तर आतली रबरं फुगतात आणि ब्रेक कायमचा जातो. लिव्हर स्पंजासारखा लागत असेल तर आत हवा आहे. ब्लीड करून, म्हणजे ती हवा काढून, घ्या, आणि त्याआधी पॅडला दोष देऊ नका.

जुनी सायकल घेताना

ट्रायल्सच्या सायकली आपल्याकडे दुकानात मांडलेल्या नसतात. बहुतेक जण परदेशातून आलेली कुणाची तरी जुनी घेतात. विकणारा सायकल धुऊन-पुसून दाखवतो, ब्रेक दाबून दाखवतो. तुम्ही पुढचं करा.

भिंतीजवळ या. पुढचं चाक भिंतीला टेकवा, म्हणजे ब्रेक घसरला तरी सायकल पळणार नाही. क्रँक आडवी ठेवा. मागचा ब्रेक एका बोटाने आवळा, आणि पुढच्या पॅडलवर हळूहळू पूर्ण वजन द्या. ट्रायल्सचा गिअर हलका असतो, २० इंचीला पुढे १८ दात आणि मागे १२, २६ इंचीला १८ आणि १५. त्यामुळे चाकावर जोर बऱ्यापैकी येतो. क्रँक खाली गेली तर ब्रेक धरत नाहीये. मग उतरा, ब्रेक आवळूनच ठेवा आणि सायकल पुढे-मागे झुलवा. ‘टक्’ किती येतं ते ऐका. किंचित चालेल. हँडलचे बेअरिंग ढिले असले तरी तसाच आवाज येतो, तेव्हा एक हात मागच्या चाकावर ठेवून खात्री करा.

रिम ब्रेक असेल तर रिमच्या भिंतीला दोन बोटांच्या चिमटीत धरून पूर्ण चाक फिरवा. आत गेलेली, लाटेसारखी लागली तर ती रिम किती वेळा ग्राइंड झाली आहे ते कळतं, आणि किमतीतून नव्या रिमचे पैसे कापून घ्यायचे. स्पोकच्या भोकापाशी बारीक चीर आहे का तेही बघा. सिलिंडरच्या तोंडाशी तेलाचा ओलसर डाग असेल तर आतलं रबर गेलंय. डिस्क असेल तर चाक फिरवून कॅलिपरमधून उजेड बघा, डिस्क नाचते का ते दिसेल.

आणि विकणारा म्हणाला की ‘पॅड नवीन टाकलेत, म्हणून अजून धरत नाही’, तर त्याला सांगा, बरं, वीस वेळा ब्रेक मारून दाखव. मी तसं सांगितलं तेव्हा त्या भल्या माणसाने पाचव्याच वेळी पाचशे रुपये कमी केले.